लग्नाची सुपारी, विसार आणि ग्राहक म्हणून आपला हक्क

(महासंघाच्या मासिक सभेत विधी स्वयंसेविका ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो, मागच्या सभेत थकलेल्या हप्त्यांचा आढावा घेताना एक गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली. एका ताईंनी मुलीच्या लग्नासाठी गटातून 30 हजार उचलले. त्यातले 20 हजार आचाऱ्याला विसार दिला. लग्नाच्या दिवशी सकाळी दहा वाजले तरी माणूस नाही, फोन बंद. भावकीतल्या बायकांनी चुली पेटवल्या, किराणा उधारीवर आणला, कशीबशी पंगत बसवली. दुसऱ्या पंगतीला भात कमी पडला, त्याचे बोल मुलगी अजून ऐकते. आचाऱ्याचा विषय मात्र "शुभकार्यात वाद नको" म्हणून घरच्यांनी मिटवला. हप्ता काही मिटला नाही!

मला त्या दिवशी राग आला तो "जाऊ द्या" या शब्दाचा. दोनशे रुपयांची चप्पल आठ दिवसांत तुटली तर आपण दुकानात जाऊन भांडतो, आणि 20 हजार सोडून देतो?

कायद्याचं म्हणणं अगदी साधं आहे. मंडप, जेवण, बँड, फोटो, गाडी, कार्यालय, काहीही पैसे देऊन ठरवलं की तुम्ही ग्राहक झालात. सगळे पैसे दिलेले असायला पाहिजेत असंही नाही. थोडे दिले आणि बाकीचे द्यायचं कबूल केलं तरी चालतं. ठरलेलं काम केलं नाही, किंवा अर्धवट केलं, तर त्याला सेवेतील त्रुटी म्हणतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे त्याची दाद जिल्हा ग्राहक आयोगाकडे मागता येते. आपल्याकडे अजून सगळे त्याला ग्राहक मंचच म्हणतात, जागा तीच. सुपारी मालकांनी दिली असली तरी ज्यांच्यासाठी ती सेवा घेतली, त्यांनाही त्यांच्या संमतीने ग्राहक धरतात. म्हणून "व्यवहार माझ्या नावावर नाही" एवढ्यावर गप्प बसू नका.

आता महत्त्वाचं. तक्रार करायला घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. त्या ताईंच्या लेकीच्या लग्नाला दीड वर्ष होत आलं, म्हणजे अजून सहा महिने हातात आहेत. दुसरं, आचारी दुसऱ्या जिल्ह्यातला असला तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. पूर्वी तसं नव्हतं, समोरच्याच्या गावाला खेटे घालावे लागायचे. तिसरं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. हवाच असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. बाईला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. 15100 या नंबरवर विचारता येतं.

मागायचं काय? दिलेला विसार, ऐनवेळी दुसरी सोय करताना ठरल्यापेक्षा जास्तीचा गेलेला खर्च, झालेल्या मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च. आकडा वाटेल तसा फुगवू नका. ज्याचा कागद आहे तो आकडा ठामपणे मागा.

कागदाचं विचारलं की आपल्या बायका लगेच म्हणतात, "ताई, पावती कुठं आहे?" पावती नसली म्हणजे सगळं संपलं असं नाही. पावती न देणं हीच कायद्याच्या लेखी अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्या ताईंनी 12 हजार फोनपेवर पाठवलेत आणि आठ हजार रोख दिलेत. फोनपेची नोंद आहेच. रोख रकमेसाठी पासबुकात त्याच दिवशी पैसे काढल्याची नोंद आहे, दीर समोर होते, आणि गटाच्या इतिवृत्तात कर्जाचं कारण "लग्न, जेवणाची सुपारी" असं तारखेसह लिहिलंय. सचिव ताईंनी कारण नीट लिहिलं, ते आज कामाला येतंय. नाहीतर आपण "घरखर्च" लिहून मोकळे होतो. आचाऱ्याचे व्हॉट्सअॅपवरचे आवाजी निरोप, लग्नपत्रिका, किराण्याचं बिल, त्या दिवशीचे फोटो, सगळं जपून ठेवा. फोन बदलला तर जुना मोडीत देऊ नका.

आधी एक नोटीस द्या. साध्या कागदावर चालते: काय ठरलं, किती दिले, काय झालं, किती परत हवेत, पंधरा दिवसांत द्या. पोचपावती मिळेल अशा पद्धतीने पोस्टाने पाठवा आणि नक्कल ठेवा. बरेच जण इथंच फोन करतात. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. ते आदेश देत नाहीत, पण समोरच्याशी बोलून तडजोडीचा प्रयत्न करतात.

आयोगाच्या कामाबद्दल खरं सांगते. कायद्यात तीन महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा असं आहे, प्रत्यक्षात तारखा जास्त पडतात. जिल्ह्याला जायचं तर रोज बुडतो. म्हणून रक्कम लहान असेल आणि समोरचा बोलायला तयार असेल, तर तालुक्याच्या कोर्टात लोकअदालतीत प्रकरण ठेवा. तिथं दोघांच्या संमतीने तडजोड होते आणि तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याची ताकद असते, पुढे अपील नाही. तो तयार नसेल तर आयोगच. आयोगाचा आदेश पाळला नाही तर महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

पोलिसांत जायचं का, हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. नुसतं काम झालं नाही म्हणून फसवणुकीचा गुन्हा होत नाही. पैसे घेतानाच बुडवायचा इरादा होता हे दिसावं लागतं. एकाच तारखेचा विसार पाच घरांकडून घेऊन माणूस पसार झाला, तर जरूर जा, आणि पाचही घरांनी मिळून जा.

एक गोष्ट आपल्याच अंगावर येणारी. आपल्या किती गटांचा जेवणाचा, भांडी भाड्याने द्यायचा धंदा आहे! हाच कायदा आपल्यालाही लागू आहे. पाचशे पानांचं काम घेऊन साडेतीनशेचं रांधलं, तर नोटीस आपल्या अध्यक्ष ताईंच्या नावाने येईल. म्हणून पानं किती, पदार्थ कोणते, वाढायला माणसं कोणाची, विसार किती आणि काम रद्द झालं तर काय, हे दोन प्रतींत लिहून दोघांच्या सह्या घ्या. आपण असा कागद देऊ लागलो तर बाकीच्यांकडेही मागायला जीभ अडखळणार नाही.

त्या कागदाचा आणि नोटिशीचा नमुना सहयोगिनी ताईंकडे ठेवलाय. तुळशीच्या लग्नानंतर ज्यांच्या घरी कार्य आहे, त्यांनी आज चहा झाला की थांबा. विसार देऊन झाला असेल तरी हरकत नाही, सुपारीवाल्याचा नंबर घेऊन या, इथूनच त्याला पावती मागू.