पहिल्या पावसाची नोंद



सळईच्या कारखान्यांच्या जालन्यात शिकलेल्यांना भंगारापासून सळई कशी होते हे सांगायला नको. मला बोलायचे आहे ते भट्टीच्या धुरातून गाळलेल्या धुळीबद्दल. भंगारात जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे असतात, जुना रंग असतो. भट्टीच्या उष्णतेने जस्त वाफ होऊन उडते, थोडे शिसेही त्यासोबत जाते आणि बॅग फिल्टरमध्ये अडकते. ही धूळ बंदिस्त होऊन तळोजा किंवा रांजणगावच्या घातक कचरा प्रकल्पात पोचली तर ठीक. उघड्यावर पडली, तर पाऊस तिला जमिनीत नेतो आणि तिचा माग काढणे आज पदवी घेणाऱ्या तुमच्या वाट्याला येते.

आपल्या खडकात हा माग अवघड आहे. बेसाल्टमध्ये पाणी मुरमातून, मांजऱ्या खडकातून, भेगाभेगांतून वाट काढते. एका शेतातला बोअर स्वच्छ आणि बांधापलीकडची विहीर बाधित, असे होऊ शकते. म्हणून दोन-चार नमुन्यांवर ‘जागा साफ झाली’ असा शेरा मारणाऱ्या अहवालावर मी विश्वास ठेवत नाही. तुम्हीही ठेवू नका.

दुसरी अडचण वेळेची. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. पाणीसाठ्याच्या हिशेबाला ते पुरते. मातीतले क्षार आणि विष मात्र जून-जुलैच्या पहिल्या जोरदार पावसांत खाली उतरू लागतात. नव्या तंत्राची खरी गरज या आठवड्यांत आहे. विहिरीत सोडलेला संवेदक तासातासाला पातळी आणि पाण्याची विद्युतवाहकता नोंदवून मोबाइल नेटवर्कवरून पाठवू शकतो. त्याला शिसे ओळखता येत नाही, पण वाहकता एकाएकी चढली की नमुना त्याच दिवशी घ्यायचा, एवढे तो नक्की सांगतो.

मातीसाठी हातात धरायचे, क्ष-किरणांवर चालणारे एक्सआरएफ यंत्र आहे. काही मिनिटांत ते शिसे, जस्त, क्रोमियम दाखवते, त्यामुळे एका दिवसात बऱ्याच जागेचा नकाशा तयार होतो. मात्र ओल्या मातीत ते कमी आकडा देते. क्रोमियमही एकूण किती तेवढेच सांगते, त्यातले विषारी षट्संयुजी किती ते नाही. तमिळनाडूतल्या रानीपेटला क्रोमेट कारखान्याच्या कचऱ्याचे ढीग वर्षानुवर्षे पडून राहिले; तिथे नेमका हाच फरक जीवघेणा आहे. यंत्र वापराल तेव्हा त्याची मर्यादा अहवालाच्या पहिल्या पानावर लिहा.

जुलै 2025 मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित जागा कळवण्याचे काम आता जिल्हा प्रशासनाकडे आहे. त्याच वर्षी भोपाळच्या वायुगळती झालेल्या कारखान्यातला 337 टन कचरा पिथमपूरला जाळला गेला, दुर्घटनेनंतर चार दशकांनी. कारखान्याच्या परिसरातली माती आणि भूजल यांचा प्रश्न तरीही उरलाच आहे. पोती उचलली म्हणजे सफाई झाली, असे आपण फार लवकर मानतो. सफाईनंतरही निदान काही पावसाळे मोजमाप चालू ठेवा.

तुमच्यातले काही कारखान्यात जातील, काही प्रदूषण नियंत्रण मंडळात, काही संवेदक बनवतील. सगळ्यांना माझी एकच विनंती आहे. विहिरीचा आकडा आधी ती विहीर ज्याची त्या शेतकऱ्याला सांगा आणि मग कुंडलिका-दुधना नद्यांच्या काठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावा.