अंतराळातला कंदील

आमच्या गावात वीज आली तेव्हा मी शाळेत होतो. घरात दिवे लागले, पण अम्मीने कंदील काही माळ्यावर टाकला नाही. आठवड्यातून एकदा ती त्याची काच राखेने पुसायची, वात कातरायची, रॉकेल किती उरलंय ते हलवून बघायची. मी चेष्टा केली की म्हणायची, "काळोख सांगून येत नाही रे."

अम्मीची ही आठवण मला भलत्याच ठिकाणी झाली. मी बी.ए. झालेला माणूस, कविता लिहितो. विज्ञानाशी माझं नातं चांदण्यांपुरतंच. तरी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर दिवसभरात काय काय कामं झाली, याचे नासाचे काही वर्षांपूर्वीचे अहवाल वाचत बसलो होतो. त्यात साधारण महिन्यातून एकदा एक नोंद सापडे. सोयूझ यानातला उपग्रह फोन बाहेर काढला, त्याची बॅटरी चार्ज केली, फोन परत जागेवर ठेवला. काम अर्ध्या तासाचं.

मला नवल वाटलं. अंतराळवीर घरच्यांशी बोलतात ते या फोनवरून नव्हे. त्यांचा आवाज सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांमार्फत पृथ्वीवर येतो. हा फोन इरिडियम नावाच्या यंत्रणेचा. तिचे उपग्रह सुमारे 780 किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि त्यांची सेवा मुळात जमिनीवरच्या माणसांसाठी आहे. स्थानक 400 किलोमीटरवर, तासाला 28 हजार किलोमीटर वेगाने धावणारं, वर धातूच्या भिंती. तिथे हा फोन बोलायच्या कामाचा नाही. मग तो जपायचा कशासाठी?

याचं उत्तर 2003 सालात आहे. त्या वर्षी 1 फेब्रुवारीला कोलंबिया यान परतताना कोसळलं. आपली कल्पना चावला आणि तिचे सहा सोबती गेले. अमेरिकेची शटल यानं जमिनीवर थांबली. त्या वेळी स्थानकावर तिघे जण होते. केन बॉवरसॉक्स, डॉन पेटिट आणि निकोलाय बुदारिन. ते मे महिन्यात रशियाच्या सोयूझमधून परतले. वाटेत बिघाड झाला, यान नेहमीपेक्षा तीव्र उतारावरून खाली आलं आणि ठरलेल्या जागेपासून सुमारे 460 किलोमीटर अलीकडे, कझाकस्तानच्या गवताळ माळावर उतरलं. अँटेनांनी दगा दिला. दोन तासांहून अधिक काळ या तिघांचा ठावठिकाणा कुणालाच कळला नाही.

कोलंबियाला तीन महिनेच झाले होते. वाट पाहणाऱ्यांनी ते दोन तास कसे काढले असतील? आणि गंमत पाहा, माणसं अंतराळात असताना त्यांचा शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. ती पृथ्वीवर पोचली आणि हरवली.

त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून सोयूझमध्ये उपग्रह फोन ठेवू लागले. आपण कुठे उतरलो ते शोधपथकाला कळवण्यासाठी. पुढे जो सुधारित फोन आला, तो एकदा चार्ज केला की तीस तास जागा राहतो आणि तीन तास बोलू देतो. पण महिनोन्‌महिने पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरते. म्हणून ती फार उतरू द्यायची नाही, असा दंडक होता.

चार्जिंगचंही तिथे शास्त्र आहे. घरी आपण फोन उशाशी लावून खुशाल झोपतो. लिथियम बॅटरीत बिघाड झाला, तर ती तापते आणि पेटूही शकते. आपल्याकडे गरम हवा निदान वर तरी जाते. स्थानकात वजनच जाणवत नाही, तर वर कुठलं आणि खाली कुठलं? पंख्यांनी हवा खेळती ठेवली नाही, तर उष्णता जागच्या जागी साचते. आग लागली तर दार उघडून अंगणात पळता येत नाही. म्हणून फोन चार्ज करताना तो सहज न पेटणाऱ्या फ्लोरोप्लास्टच्या पिशवीतच ठेवत, पिशवीच्या झडपा मात्र उघड्या. काम झालं की फोन परत आपल्या जागी.

जमिनीवर उतरल्यावरही तो कुपीत बसून लावता येत नाही. त्याला डोक्यावर मोकळं आकाश हवं. महिनोन्‌महिने तरंगून आलेल्या माणसाला तर धड उभंही राहवत नाही.

19 एप्रिल 2008 रोजी हीच वेळ पुन्हा आली. युरी मालेंचेंको, पेगी व्हिटसन आणि दक्षिण कोरियाची यी सो-यॉन यांचं यान सुमारे 420 किलोमीटर दूर उतरलं. भोवतालच्या गवताने पेट घेतला होता. आसपासची माणसं धावून आली, त्यांनी या तिघांना बाहेर पडायला मदत केली. मालेंचेंकोंनी उपग्रह फोन लावला आणि आपण सुखरूप असल्याचं कळवलं.

त्या एका फोनमागे कितीतरी महिन्यांचं कंटाळवाणं काम होतं. फोन काढा, चार्ज करा, ठेवून द्या. असं काम करणाऱ्याचं कुणी कौतुक करत नाही. बहुतेक वेळा तो फोन लागतही नाही, आणि लागला नाही हेच बरं.

अम्मी आता नाही. कंदील आहे. पण खरं सांगतो, त्याची काच मी कित्येक वर्षांत पुसलेली नाही. ते अहवाल वाचून झाल्यावर उठलो आणि आधी तो खाली काढला.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)