भीती आधी जाऊ दे
(वर्सोवा येथील स्वयंसेवकांच्या बैठकीतील भाषण)



पाड्यांवरची आपली पोरं कामासाठी मुंबईत येतात. कुणी बोटीवर खलाशी होतो, कुणी बांधकामावर जातो. त्यांच्या राहण्या-जेवणाची आपण आस्थेने चौकशी करतो. आज मी एका न बोलल्या जाणाऱ्या गोष्टीवर बोलणार आहे.

यांतल्या काही मुलांना पुरुषांचंच आकर्षण असतं. गावी ते सांगता येत नाही. घरचे लग्नाची घाई करतात. इथं एका खोलीत आठ-दहा जण. मग भेटी चोरून, घाईत होतात. खिशातला कंडोम कुणी पाहील, हीच धास्ती. चाचणी केंद्रात ओळखीचं भेटलं तर? म्हणून तिथं जाणंही टळतं. माहिती असूनही माणूस धोक्यात राहतो, तो असा.

कुष्ठरोगाच्या कामात मिशनच्या लोकांनी हेच पाहिलं. रोगापेक्षा लोकांना भिऊन रोगी उशिरा येत.

मुंबईत १९९४ साली अशोक राव कवी आणि सहकाऱ्यांनी हमसफर ट्रस्ट सुरू केला. समलिंगी पुरुषांपर्यंत त्यांच्यातलेच कार्यकर्ते पोहोचले, म्हणून विश्वास बसला. असंच काम करणाऱ्यांना २००१ मध्ये लखनौला कलम ३७७ खाली अटक झाली होती. कायदाच प्रतिबंधाच्या आड येत होता. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. चारच दिवसांनी एचआयव्ही-एड्स कायदा लागू झाला. आता संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, आणि संसर्ग आहे एवढ्यावरून कुणाला कामावरून काढता येत नाही.

सरकारी केंद्रांत चाचणी आणि औषधं मोफत आहेत; नाव गुप्त राहतं. रोज गोळ्या घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. १०९७ या मोफत क्रमांकावर विचारताही येतं.

पण केंद्राच्या दारापर्यंत त्याला कोण नेणार? माझी तुम्हाला तीनच मागणी आहेत. वसतिगृहात अशा मुलाची थट्टा होऊ देऊ नका. त्याने विश्वासाने सांगितलेलं त्याच्या आईवडिलांनाही परस्पर सांगू नका. आणि तो चाचणीला निघाला, तर उपदेश न करता सोबत जा.