घरापर्यंत पोचणारी परिचर्या

आज पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

तुम्हा सर्वांचं मनापासून अभिनंदन. परिचर्येच्या अनेक वाटा आज तुमच्यासमोर खुल्या होत आहेत. त्यातल्या एका वाटेवर फार थोडी माणसं चालतात, म्हणून आज तिच्याबद्दलच बोलणार आहे. कर्करोग, स्नायूंचा क्षय, मेंदूचे जन्मजात विकार, थॅलेसेमिया अशा दीर्घ आणि गंभीर आजारांची मुलं आणि त्यांची घरं यांच्यासाठीची ही सेवा आहे. तिला आपण बाल-पॅलिएटिव्ह केअर म्हणतो.

"आता आमच्या हातात काही नाही, घरी घेऊन जा." हे वाक्य ऐकून घरी परतलेले आईबाप मी पुष्कळ पाहिले आहेत. या वाक्यानंतरच खरं तर किती काम सुरू होतं! आणि ते तेव्हा सुरू होणं म्हणजेसुद्धा उशीर. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ सालीच सांगून ठेवलं आहे की, मुलांची ही सेवा आजाराचं निदान होतं त्या दिवसापासून सुरू व्हावी. केमोथेरपी चालू असेल तर तिच्या बरोबरीने, आणि ती थांबली तर त्यानंतरही. शरीर, मन आणि कुटुंब, तिन्हींची काळजी तिच्यात येते.

काळजी म्हणजे नेमकं काय, ते एका घरातला प्रसंग सांगून दाखवते. इथल्या मुळशीसारख्याच औद्योगिक वस्तीतली पत्र्याची खोली. सात-आठ वर्षांचा मुलगा भिंतीकडे तोंड करून पडलेला. आई म्हणाली, "आता शांत असतो बिचारा." आमच्या सिस्टर त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या. "दुखतंय का रे बाळा?" "नाही." पण त्याचे गुडघे पोटाशी ओढलेले होते आणि उशाशी मोबाइलवर कार्टून लागलेलं असूनही तो तिकडे पाहत नव्हता. सिस्टरांनी पिशवीतून कापडी अस्वल काढलं आणि विचारलं, "याला कुठे दुखतंय, तू सांगतोस?" त्याने अस्वलाच्या पाठीवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाला, "सांगितलं की सुई टोचतात."

सुई टोचायची गरजच नव्हती. तोंडावाटे देण्याचं मॉर्फिनचं औषध डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलं. सिस्टरांनी सिरिंजवर किती मापापर्यंत औषध ओढायचं, ती रेघ आईला पेनाने आखून दिली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाचा हिशोब असतो त्याच चौकोनांत, दर चार तासांच्या वेळा लिहिल्या. दुखण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे औषध द्यायचं, हे दोनदा समजावलं. मॉर्फिनने पोट साफ होत नाही, म्हणून त्याचंही औषध बरोबर दिलं. दोन दिवसांनी गेलो तेव्हा हा पठ्ठ्या उंबऱ्यात बसून भावाशी कडाकडा भांडत होता. आजार तिथेच होता, पण मुलाचं मूलपण परत आलं होतं. ते परत आणलं एका परिचारिकेच्या नजरेने. कितीही महागडं यंत्र आणलं तरी ते हे काम करू शकलं नसतं.

ही सेवा आपल्या महाराष्ट्राला परकी नाही. देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या आजाराच्या रुग्णांचं शुश्रूषागृह, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला उभं राहिलं. पुण्यात वारजेला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून रुग्णांची विनामूल्य सेवा करतं आहे. मुलांसाठी मोठं पाऊल पडलं ते टाटा मेमोरियलच्या डॉ. मेरी अॅन मुकादन यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने. २०१० साली महाराष्ट्रात बाल-पॅलिएटिव्ह केअरचा प्रकल्प सुरू झाला आणि त्याच्या केंद्रांमध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयाबरोबर जव्हारही होतं. जव्हार! डोंगरात विखुरलेले पाडे, पावसाळ्यात तुटणारे रस्ते, दिवाळी झाली की कामासाठी गाव सोडणारी कुटुंबं. अशा तालुक्यात ही सेवा न्यायचं धाडस झालं, याचं मला फार मोल वाटतं. २०१२ साली महाराष्ट्राने पॅलिएटिव्ह केअरचं धोरण स्वीकारलं. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिनसाठीचं परवान्यांचं जंजाळ सुटलं. धोरण आहे, कायदा आहे, औषध स्वस्त आहे. तरी जगभरात गरज असलेल्या शंभर माणसांपैकी जेमतेम चौदांपर्यंतच ही सेवा पोचते. तुटवडा आहे तो दारापर्यंत जाणाऱ्या माणसांचा.

आपला मुळशी तालुकाच पाहा. पिरंगुटच्या कारखान्यांत मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेले कामगार भाड्याच्या खोल्यांत राहतात. मूल आजारी पडलं तर मदतीला आजी नाही, मावशी नाही. बापाने खाडा केला की पगार कापला जातो. पलीकडे ताम्हिणीच्या बाजूला धनगरवाडे आणि कातकरी वस्त्या आहेत. तिथून पौडचं ग्रामीण रुग्णालय गाठणंही दिवसाचं काम, मग पुणे तर दूरच. अशा मुलाला दर आठवड्याला शहरात बोलावण्यापेक्षा आपण त्याच्याकडे जाणं शहाणपणाचं नाही का? गावची आशाताई कुठल्या घरात कोण अंथरुणाला खिळलंय ते जाणते. तिची माहिती, तुमचं कौशल्य आणि फोनवर डॉक्टरांचा सल्ला, एवढ्यावर तालुक्यातली सेवा उभी राहू शकते.

घरात गेलात की आजारी मुलाबरोबर बाकीच्यांकडेही पाहा. शाळा सोडून भावाला सांभाळणारी बहीण कोपऱ्यात उभी असेल, तिच्याशी बोला. आईला शेवटची सलग झोप कधी मिळाली, ते विचारा. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला १९८२ साली मुलांचं पहिलं हॉस्पिस, हेलन हाउस, निघालं ते याच जाणिवेतून. हेलन नावाच्या आजारी मुलीला तिचे आईवडील घरीच जिवापाड सांभाळत होते. त्यांना अधूनमधून विसावा हवा होता. आणि आजारी मुलाने "मी बरा होणार का?" असं विचारलं तर विषय बदलू नका. मुलांना घरातली कुजबुज कळते. त्याला काय वाटतंय ते आधी ऐका, मग त्याच्या वयाला पेलेल तेवढं खरं सांगा. खोट्या धीराने मूल एकटं पडतं.

हे काम करताना मन थकेल. म्हणून एकट्याने करू नका, आपसांत बोला, रडावंसं वाटलं तर रडा. एखादं मूल गेल्यानंतरही त्या घरी पुन्हा जा, कारण आईवडिलांशी आपलं नातं तिथे संपत नाही.

तुमच्यापैकी प्रत्येकाने याच क्षेत्रात यावं असा आग्रह नाही. पण नोकरी कुठेही करा, मुलाच्या चार्टवर ताप आणि नाडीबरोबर वेदनेची नोंद करा. ती दिसली की डॉक्टरांकडे औषधाचा पाठपुरावा करा, आणि मूल घरी जाताना पुढे त्याच्याकडे कोण जाणार हे ठरल्याशिवाय डिस्चार्जच्या कागदावर सही करू नका. मुळशीतल्या मुलांना एवढा हक्क तुमच्या पिढीने मिळवून द्यावा, ही माझी कळकळीची विनंती. तुमच्या हातांना यश लाभो.