साठीनंतरची पहिली गोळी

(युवा शिबिरातील ‘घरातलं आरोग्य’ या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग केलं आणि सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. मला इथे बोलावलं, कारण गेली चार वर्षं माझ्या अब्बांच्या गोळ्यांचा डबा दर रविवारी मी भरतो. त्यांना सदुसष्टाव्या वर्षी टाइप टू डायबिटीस निघाला. या चार वर्षांत जे वाचलं आणि डॉक्टरांना विचारून समजून घेतलं, ते तुमच्यासमोर मांडतो. औषध कोणतं आणि किती, हे डॉक्टरच ठरवणार. पण घरातल्या तरुण माणसाला काय माहीत असायला हवं, हे मी सांगू शकतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडिया-बी’ सर्वेक्षणाचे आकडे २०२३ मध्ये आले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना डायबिटीस आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे या हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाच्या घरात नाही तर शेजारच्या घरात हा विषय आहेच. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, किंवा एचबीए१सी ६.५ किंवा जास्त आली, आणि पुन्हा तपासून तेच निघालं, की डायबिटीस धरतात. एचबीए१सी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी. तिच्यासाठी उपाशी राहावं लागत नाही.

तपासणी होते, चिठ्ठी मिळते आणि गाडी तिथेच अडते. आमच्याकडेही अडली होती. अब्बांचं वाक्य ठरलेलं होतं, ‘एक बार गोली शुरू हुई तो छूटती नहीं.’ तुमच्यापैकी कितीजणांनी हे ऐकलंय? बघा, किती हात वर आले.

या वाक्यात निरीक्षण खरं आहे, पण कारण उलटं लावलंय. गोळीची सवय लागते म्हणून ती सुटत नाही, असं नाही. आजार मागे उरतो म्हणून गोळी उरते. ब्रिटनमध्ये १९७७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला, यूकेपीडीएस नावाचा. नुकतंच निदान झालेले पाच हजारांवर रुग्ण त्यात होते. १९९८ मध्ये त्याचे मुख्य निष्कर्ष आले. त्यातून दिसलं, की निदान होतं त्या दिवशीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची ताकद जवळपास निम्मी झालेली असते आणि पुढे ती हळूहळू कमीच होत जाते. म्हणजे अब्बांना सदुसष्टाव्या वर्षी आजार ‘झाला’ नव्हता, तो बरीच वर्षं आत चालू होता. त्याच अभ्यासातून हेही पुढे आलं, की सुरुवातीलाच साखर आटोक्यात ठेवली तर डोळे आणि किडनीचं नुकसान कमी होतं आणि तो फायदा नंतर कित्येक वर्षं टिकतो.

दुसरा आक्षेप, ‘गोळ्यांनी किडनी जाते.’ इथेही कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झालीय. बहुतेकांना पहिली गोळी मिळते ती मेटफॉर्मिनची. मेटफॉर्मिन किडनी खराब करत नाही. ती किडनीवाटे शरीराबाहेर पडते. किडनी आधीच मंदावली असेल तर ती अंगात साठते, म्हणून अशा वेळी डॉक्टर डोस कमी करतात किंवा गोळी बंद करतात. बघणाऱ्याला वाटतं, गोळी बंद केली, म्हणजे गोळीनेच घात केला. किडनीवर घाव घातलेला असतो तो वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेने आणि ब्लड प्रेशरने. म्हणून वयस्क माणसाची गोळी सुरू करण्याआधी क्रिएटिनिनची तपासणी झाली का आणि नंतर ती ठरावीक काळाने होते का, हे आपण विचारायचं.

तिसरा आक्षेप जडीबुटीचा. कारल्याचा रस, मेथी, जांभळाच्या बियांची पूड, कलौंजी. मी कुणाची चेष्टा करत नाही. मेटफॉर्मिनचं मूळही एका वनस्पतीतच आहे. युरोपात गॅलेगा नावाचं झुडूप जुन्या काळापासून औषधात वापरत. त्यातल्या रसायनावरून पुढे ही गोळी तयार झाली आणि १९५७ मध्ये जाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी ती डायबिटीससाठी वापरल्याचा अहवाल छापला. वनस्पतीपासून गोळीपर्यंतच्या प्रवासात दोन गोष्टी जमा झाल्या, मोजलेला डोस आणि तपासलेले दुष्परिणाम. बिनलेबलच्या पुडीत या दोन्ही नसतात. उलट, ‘शंभर टक्के हर्बल’ म्हणून विकलेल्या काही औषधांत साखर उतरवणाऱ्या ॲलोपॅथीच्या गोळ्या मिसळलेल्या सापडल्या आहेत. मेथी जेवणात खाऊ द्या. पण चिठ्ठीतल्या गोळीची जागा पुडीला देऊ नका, आणि दोन्ही चालू असेल तर डॉक्टरांना सांगा.

मग व्हॉट्सॲपवर फिरतं, ‘डायबिटीस मुळापासून बरा.’ यामागे एक खरा अभ्यास आहे. ब्रिटनच्या डायरेक्ट अभ्यासात वजन बरंच उतरवून वर्षभरात जवळपास निम्म्या लोकांची साखर औषधाशिवाय मर्यादेत आली. पण त्यात घेतलेले लोक २० ते ६५ वर्षांचे होते, त्यांचं निदान सहा वर्षांच्या आतलं होतं आणि त्यांचं वजन जास्त होतं. सत्तर वर्षांच्या सडपातळ नानीला तोच उपास करायला लावला तर चरबीबरोबर स्नायूही जातील आणि ती पडेल. तिच्यासाठी बेताचं जेवण, रोजचं चालणं आणि गोळी, हे तिन्ही मिळून उपचार आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. म्हातारपणी औषध सुरू करताना साखर वाढण्याची भीती सगळ्यांना असते. साखर एकदम उतरण्याची भीती कुणालाच नसते. आणि वयस्क माणसाला त्याच दिवशी खाटेवर आणू शकते ती उतरलेली साखर.

मेटफॉर्मिन एकटी घेतली तर साखर सहसा फार खाली जात नाही. तिचा त्रास वेगळा. पहिले काही दिवस मळमळ, जुलाब होतात. म्हणून ती लहान डोसने सुरू करतात आणि जेवणाबरोबर देतात. बरेच लोक याच आठवड्यात ती सोडून देतात. हे बहुतेक वेळा तात्पुरतं असतं, ही माहिती कुणी दिली असती तर त्यांनी सोडली नसती. वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ कमी होऊ शकतं, तेही तपासून घ्यावं.

दुसरा गट ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड अशा गोळ्यांचा. या स्वस्त आहेत आणि प्रभावी आहेत. त्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, तुम्ही जेवलात की नाही हे न बघता. गोळी घेतली आणि जेवण लांबलं, की साखर कोसळते. ग्लिबेनक्लामाइडचा परिणाम लांबत जातो, म्हणून ती म्हाताऱ्या माणसांना शक्यतो देऊ नये असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

तरुण माणसाची साखर उतरली की त्याला घाम फुटतो, हात थरथरतात. म्हातारी माणसं मात्र गोंधळल्यासारखी बोलतात, चिडतात, गळून जातात, बाथरूमला जाताना पडतात. घरचे म्हणतात, ‘वय झालं.’ असं काही दिसलं तर आधी ग्लुकोमीटर आणा. साखर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा आणि मग काहीतरी खायला द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखान्यात न्या.

म्हणून आमच्या क्षेत्रातल्या लोकांना एक विनंती. आपल्याला डॅशबोर्डची सवय असते, एक आकडा दिसला की तो आणखी खाली आणावासा वाटतो. अमेरिका आणि कॅनडात ॲकॉर्ड नावाच्या अभ्यासात दहा हजारांवर रुग्ण होते, सरासरी वय ६२. त्यातल्या एका गटाची एचबीए१सी ६ च्या खाली आणायचा जोरकस प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू जास्त होऊ लागले, म्हणून २००८ मध्ये तो उपचार मुदतीआधी थांबवावा लागला. आज तब्येतीने धडधाकट असलेल्या वयस्कांसाठी साधारण ७ ते ७.५ हे लक्ष्य धरतात. ज्यांना आणखी आजार आहेत, विस्मरण आहे, त्यांच्यासाठी ८ पर्यंत चालवून घेतात. ‘आमच्या दादींसाठी किती आकडा पुरेसा आहे?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारा. आणि गोळी सुटत नाही म्हणणाऱ्यांना सांगा, की वय वाढलं, भूक कमी झाली, तर डॉक्टर गोळ्या कमीही करतात.

आणखी एक सोपं काम. गोळीच्या पाकिटावर कंपनीचं नाव मोठं असतं, खाली बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं. ते वाचा. आपल्याकडे एकाच गोळीत दोन-तीन औषधं असणं फार नेहमीचं आहे. एका डॉक्टरांची जुनी गोळी आणि दुसऱ्यांची नवी गोळी, नावं वेगळी, आत तेच औषध. म्हातारा माणूस इमानदारीने दोन्ही घेतो. एका कागदावर औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि वेळ लिहून काढा. तो कागद प्रत्येक डॉक्टरांसमोर ठेवा. तेच औषध जनऔषधी केंद्रात बऱ्याच कमी किमतीत मिळतं, हेही त्या नावामुळेच कळतं. महागाई हे गोळी अर्धवट सोडण्याचं मोठं कारण आहे, आणि ते म्हातारी माणसं मुलांना सांगत नाहीत.

आता रमजान. हा विषय आपल्याशिवाय कोण बोलणार? तेरा देशांतल्या बारा हजारांवर मुस्लिम रुग्णांचा एपिडायर नावाचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. टाइप टू असलेल्या लोकांमध्ये साखर धोकादायक उतरण्याचं प्रमाण रमजानमध्ये सुमारे साडेसात पट झालेलं त्यात दिसलं. अनेक घरांत होतं ते असं. अब्बा डॉक्टरांना विचारत नाहीत, कारण डॉक्टर ‘रोजे ठेवू नका’ म्हणतील. डॉक्टर विषय काढत नाहीत, कारण त्यांना वाटतं धर्मात कशाला पडा. मग सकाळची गोळी आपल्या मनाने सहरीला घेतली जाते आणि दुपारी चारला माणूस कोलमडतो.

यावर आंतरराष्ट्रीय डायबिटीस फेडरेशनची खास रमजानसाठीची मार्गदर्शिका आहे. तिचा पहिला सल्ला, रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांकडे जा. म्हणजे रजबच्या पहिल्या पंधरवड्यात. कुणाला रोजे ठेवणं सुरक्षित आहे, कुणाला नाही, हे तेव्हा ठरतं. कोणती गोळी इफ्तारला घ्यायची, कुणाचा डोस कमी करायचा, हेही तेव्हाच ठरतं. रोजात बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असं ही मार्गदर्शिका आणि बहुतेक उलेमा सांगतात. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडायचा, मगरिबला दहा मिनिटं उरली असली तरी.

आणि ज्यांना डॉक्टर ‘नको’ म्हणतात, त्यांचं काय? सूरह अल-बकरामध्ये रोज्यांचा हुकूम जिथे आहे, तिथेच आजारी माणसाला सवलत आहे. नंतर बरं वाटल्यावर रोजे पूर्ण करायचे, आणि ज्याला ते झेपणारच नाही त्याने गरिबाला जेवू घालायचं, असा मार्ग तिथे दिला आहे. सत्तर वर्षांत एकही रोजा न सोडलेल्या माणसाला हे पटवणं सोपं नसतं. त्याला ते अपमानासारखं वाटतं. तिथे वाद घालू नका. त्यांचा ज्यांच्यावर विश्वास आहे अशा मौलानांकडे त्यांच्याबरोबर जा, डॉक्टरांचा कागद सोबत न्या. आमच्याकडे पहिल्या वर्षी अब्बांनी असंच विचारून फिदिया दिला, आणि त्या महिन्यात घरातल्या इफ्तारीची सगळी तयारी त्यांनी स्वतः अंगावर घेतली.

शेवटी अम्मींबद्दल. आपल्या घरांत अब्बांची साखर निदान तपासली जाते. अम्मींची कळते ती मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी किंवा पायाची जखम भरत नाही तेव्हा. त्या सगळ्यांना वाढून उरलेलं खातात, वेळेवर जेवत नाहीत, आणि इन्सुलिन वाढवणारी गोळी चालू असेल तर हीच सवय घातक ठरते. ‘आधी जेवा, मग आम्हाला वाढा’ हे म्हणणं त्यांच्या उपचाराचाच भाग आहे.

तर या रविवारी तीन कामं करा. घरातल्या सगळ्या गोळ्या टेबलावर काढून यादी लिहा. अम्मींची साखर तपासून घ्या. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना घरातल्या मोठ्यांबरोबर स्वतः आत जाऊन बसा, बाहेर मोबाइल बघत थांबू नका.

प्रश्न असतील तर विचारा. उत्तर माहीत नसेल तर मी तसं सांगेन.