बाळाच्या शिक्षणाची तजवीज
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही सूतगिरणीतले कामगार. शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं रात्रपाळीनंतर विहाराच्या वाचनालयात बसून वाचलेलं. तेव्हा बोलण्यात काही अधिक-उणे झाले तर सांभाळून घ्यावे.

गेल्या महिन्यात आमच्या लेकीला मुलगी झाली. नामकरणाला मंडप घालू, सगळी वस्ती जेवू घालू, असं जावईबापूंचं म्हणणं. आम्ही म्हणालो, चहा-लाडू करा आणि उरलेल्या पैशात पोरीचं खातं काढा. थोडी धुसफूस झाली. पण आम्ही तसं का म्हणालो ते ऐका.

१९९६ साली आमची ही लेक जन्मली, तेव्हा तिच्या शिक्षणासाठी आम्ही विमा पॉलिसी घेतली. दोन वर्षे हप्ते भरले. मग गिरणी आठ महिने बंद. डब्यात पीठ नाही, तिथे हप्ता कुठला? तीन वर्षांचे हप्ते पुरे झाले नव्हते, म्हणून भरलेला पैसाही गेला. मग भिशी लावली. भिशीवाला एका रात्रीत खोली सोडून पसार! २०१४ ला लेक बारावी पास झाली, नर्सिंगला नंबर लागला. साठ हजार भरायचे, मुदत आठ दिवस. आम्ही दारोदार फिरलो. मुदत संपली, जागा गेली. पोर रडली नाही, नुसती गप्प बसून राहिली. भावकी म्हणाली, आता उजवून टाका. तेव्हा तिच्या आईने हातातल्या पाटल्या उतरवून पुढ्यात ठेवल्या. पुढच्या साली ती गेली, आज नोकरीला आहे. पाटल्या मात्र सुटल्या नाहीत.

सुभेदार रामजींनी बाबासाहेबांच्या पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण ठेवले, हे आपण दर १४ एप्रिलला सांगतो आणि टाळ्या घेतो. राग मानू नका, पण त्याच दिवशी डीजेला किती वर्गणी जाते?

आता कामाचे. मुलगी दहा वर्षांच्या आत असेल तर पोस्टात सुकन्या समृद्धी खाते निघते. ही योजना २०१५ पासून आहे. खाते आईने किंवा बापाने काढायचे, आजोबाला काढता येत नाही, हे आम्हाला खिडकीवर गेल्यावर कळले! वर्षाला निदान अडीचशे रुपये भरावे लागतात. एखादे वर्ष चुकले तर पन्नास रुपये दंड भरून खाते पुन्हा चालू होते, पैसा बुडत नाही. आमच्यासारख्या अधूनमधून पगार थांबणाऱ्यांना हे फार मोलाचे आहे. महिना पाचशे पंधरा वर्षे भरले तर आपले नव्वद हजार जातात. २०२४ च्या जानेवारीपासूनचा ८.२ टक्के दर टिकला तर एकविसाव्या वर्षी पावणेतीन लाखांच्या आसपास होतात. पण व्याजदर सरकार दर तिमाहीला ठरवते, तेव्हा आकडा पक्का धरू नका. आणि शिक्षणासाठी अठराव्या वर्षी किंवा दहावीनंतर निम्मीच रक्कम काढता येते. म्हणून जोडीला थोडी पोस्टाची आवर्ती ठेव असू द्या.

मुलगा असेल तर पीपीएफ. वर्षाला पाचशेपासून, मुदत पंधरा वर्षे.

१ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी शासनाने लेक लाडकी योजना आणली. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असले तर जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण एक लाख एक हजार. अर्ज अंगणवाडी ताईंकडे करायचा.

आणि एक बचत बिनपैशाची. जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. पणजोबांचा शाळेचा दाखला, जुना उतारा, जे असेल ते आजच शोधा. बारावीच्या निकालानंतर ट्रंका उपसत बसू नका. दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती अडलेली पोरं आम्ही पाहिली आहेत.

येत्या रविवारी सकाळी दहाला आम्ही इथेच बसणार आहोत. बाळाचा जन्मदाखला, आई-बापाचे आधार, पॅन आणि फोटो घेऊन या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे फॉर्म आम्ही भरून देऊ, आणि सोमवारी पोस्टात सोबतही येऊ. आमची त्या आठवड्याला दुसरी पाळी आहे.

जयभीम!