दोराच्या टोकाची वीज

पतंग उडवणाऱ्याच्या बोटाला वाऱ्याची ओढ कशी लागते, हे सांगायला नको. त्या ओढीतून वीज काढता येईल का? माइल्स लॉइड या अमेरिकी अभियंत्याने १९८० मध्ये गणित मांडून दाखवले, की येईल आणि भरपूर येईल. पतंग एका जागी न ठेवता वाऱ्याला आडवा, वेगाने फिरवत ठेवायचा. वर वारा जोराचा असतो, आणि त्याचा वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते. मनोरा नको, मनोऱ्याचे पोलाद नको.

गणित चोख. अडते ते दोरापाशी. दोर ओढ सोसणारा हवा. जाड केला तर तोच वाऱ्याला अडतो. रात्रंदिवस ताणून, ढील देऊन, गुंडाळून झिजतो. तुटला तर पतंग पडणार कुठे? म्हणून खालची जमीन मोकळी ठेवायची, वरून विमानांना वाट वेगळी द्यायची. पवनचक्कीचे बरे असते. वारा पडला की पाती थांबतात, ती मात्र उभी राहते. पतंगाला वारा पडायच्या आत उतरावे लागते. काळोखात, पावसात, फिरकी धरणारा माणूस नसताना.

कॅलिफोर्नियातील ‘मकानी’ कंपनी २००६ मध्ये निघाली, २०१३ मध्ये गूगलने घेतली. तिचा पतंग म्हणजे विमानच. पंखांचा पसारा २६ मीटर, त्यावर आठ पंखे, क्षमता ६०० किलोवॅट. वीज वर तयार होऊन दोरातल्या तारांतून खाली यायची. ऑगस्ट २०१९ मध्ये तो नॉर्वेच्या समुद्रात तरंगत्या तळावरून उडाला आणि दुसऱ्या उड्डाणात पाण्यात कोसळला. २०२० मध्ये कंपनी बंद झाली. जाताना मात्र तिने आपले अहवाल सर्वांसाठी खुले केले. मला हे फार मोलाचे वाटते. आपण कवी तर फसलेल्या कविता फाडून टाकतो!

जर्मनीच्या ‘स्कायसेल्स’ने दुसरी वाट धरली. मऊ कापडाचा पतंग, जनित्र जमिनीवर. पतंग आकाशात आडवा आठ काढतो (आपला नव्हे, इंग्रजी आठ), दोर सुटत जातो, जनित्र फिरते. दोर संपला की पतंगाचा जोर कमी करून तो ओढून घ्यायचा. त्यात थोडी वीज खर्च होते. २०२१ च्या अखेरीस असा पतंग मॉरिशसमध्ये उडाला, जिथे आपली मराठी माणसेही पिढ्यान्‌पिढ्या राहतात. कापड हलके, पडले तरी हानी थोडी. पण ऊन आणि खारा वारा कापडाला खातात. ते किती महिन्यांनी बदलावे लागेल, त्यावर विजेचा भाव ठरणार आहे.